पेटीचं सोयर

"मामाजी, श्वास त घ्या. पेटीत वाघ नाई बसला," रीना म्हणाली, आणि जिजाने तोंडाला पदर लावला.

सुखराम मारबते मधमाशांच्या पेटीपासून चार हात लांब उभा होता. डोक्यावर सुनेची, रीनाची, टोपी, टोपीवरून खांद्यापर्यंत सोडलेली काळी जाळी, पायजमा मोज्यांत खोचलेला. मोजे मुलाचे, कारखान्यातले, थंडीच्या दिवसांतही घाम काढणारे. हातात धुराचा डबा होता. तो पेटीकडे धरायचा सोडून त्याने स्वतःच्या तोंडासमोर धरला होता. त्यामुळे माशा मजेत होत्या आणि खोकत होता तो.

हाच सुखराम सिहोऱ्याच्या अलीकडच्या आपल्या गावच्या तलावात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून जाळं ओढायचा. एकदा मासोळ्यांबरोबर धामण आली, तर तिला शेपटीला धरून त्याने पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टाकली आणि बिडी पेटवली. पण उडणाऱ्या जिवाशी त्याचं कधी जमलं नाही. लहानपणी आग्या मोहळ उठलं तेव्हा बोडीत बुडी मारून तो वाचला होता. तेव्हापासून त्याचं स्पष्ट मत होतं, की पाण्याखाली जे आहे ते देवाने माणसाच्या पोटासाठी केलं आणि पाण्यावर जे उडतं ते माणसाची जिरवण्यासाठी.

तरीही आज त्याला पेटी उघडायला शिकणं भाग होतं. रीनाला सातवा सरत आला होता आणि उद्या ती बाळंतपणासाठी माहेरी, नाकाडोंगरीला निघाली होती. प्रफुल्ल, म्हणजे सुखरामचा मुलगा, वरठीच्या कारखान्यात पाळ्या करायचा, तिकडेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून घरी यायचा. त्याच्या बायकोने, जिजाने, आधीच सांगून टाकलं होतं, की तिच्याकडे दोन शेळ्या आहेत, सहा कोंबड्या आहेत आणि एक नवरा आहे. आणखी जनावरं तिला झेपणार नाहीत. उरला सुखराम.

खरं तर रीनाने त्याला विचारलं तेव्हा तो विचार न करताच हो म्हणाला होता, आणि त्याला कारण होतं. हे लग्न पोरांनी आपलं आपण ठरवलं होतं. रीनाचं घर बौद्ध, हे ढिवराचं. सुखरामने नाही म्हटलं नाही, पण हो म्हणताना त्याने हातातल्या जाळ्यावरून नजर उचलली नव्हती. लग्नात तो आला, फुलं टाकली, जेवला, पण सगळा वेळ चपला हरवलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघत राहिला. रीनाच्या ते लक्षात आलं होतं आणि आपलं तिच्या लक्षात आलंय हे सुखरामला कळलं होतं. पुढची दोन वर्षं सासऱ्या-सुनेचं बोलणं चहाच्या पुढे फारसं गेलंच नाही. लग्नाच्या टेम्पोतून कपाट आणि भांड्यांबरोबर ओल्या पोत्याखाली झाकलेल्या दोन पेट्या आल्या होत्या. गावाने त्यावर महिनाभर हसून घेतलं. शेजारच्या तेजरामने, म्हणजे सुखरामच्या चुलतभावाने, तर त्याहून जास्त. रीनाने त्या घरामागे ठेवल्या, एक जांभळीखाली आणि एक तनसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड. ती पेट्यांपाशी बसायची आणि सुखराम जाळं विणत लांबून बघायचा. त्या घरात तिचं असं खास काही असेल तर त्या दोन पेट्याच होत्या. आणि दोन वर्षांत तिने सासऱ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, ते हे.

"आता आत पाहा," ती म्हणाली. तिने एक चौकट अलगद वर काढली. पोळ्यावर माशा इतक्या दाट होत्या की मेण दिसत नव्हतं. एका कोपऱ्यात फुगीर टोपणांच्या मोठ्या खोल्या होत्या. त्यातली एक तिने सुईने फोडली आणि पांढरी अळी बाहेर काढून तळहातावर ठेवली. अळीच्या पाठीवर मोहरीहून लहान, तांबूस, चपटा ठिपका होता. ठिपक्याला पाय होते.

सुखरामचं भय तिथेच अर्धं उतरलं. "ही त गोचीड हाय," तो म्हणाला.

रीना हसली. म्हणाली, माशा पाळायला शिकवणाऱ्या बाईंनी व्हरोवा म्हणून सांगितलं होतं, पण गोचीडच म्हणा. ती माशीला चिकटते आणि तिला आतून खाते. अळीच्या खोलीत शिरून टोपणाखाली पिल्लं घालते. ज्या माशीला लहानपणी गोचीड लागली तिचे पंख चुरगळलेले निघतात. आपल्या रानातल्या माशा एकमेकींची गोचीड वेचून टाकतात. या पेटीतल्या बाहेरून आलेल्या, त्यांना ती कला फारशी नाही. दोन-चार गोचिडी नेहमीच असतात, त्याने काही बिघडत नाही. वाढल्या की मात्र पेटी बसते, माशा संपतात.

मग तिने त्यांच्यावरचा सापळा सांगितला. गोचिडीला नरांच्या खोल्या फार आवडतात, कारण नर टोपणाखाली जास्त दिवस राहतो. म्हणून पेटीत मोठ्या खोल्यांची एक वेगळी चौकट ठेवायची. राणी तिच्यात नरांची अंडी घालते, पेटीतल्या गोचिडी तिकडे धावतात, खोल्यांवर टोपण बसतं. नर बाहेर पडायच्या आत ती चौकट उचलायची आणि आतल्या सगळ्यासकट कापून कोंबड्यांपुढे टाकायची. चौकट शिवरात्रीला टाकायची आणि होळीच्या आत काढायची. एवढं एकच काम चुकवायचं नाही.

"म्हणजे गळाले गांडूळ," सुखराम म्हणाला. त्याला ते इतकं पटलं की जाळी वर करून तो चक्क पेटीत वाकला. एका माशीने त्याच्या नाकाच्या शेंड्यावर सही केली. सून माहेरी गेली तेव्हा सासऱ्याचं नाक भोपळ्यासारखं होतं आणि तेजरामने त्याला गावभर फिरवून दाखवलं.

पण सुखराम बदलला. रोज सकाळी तलावावरून आला की तो पेट्यांपाशी जाऊन बसू लागला. शेतात लाखोळी फुलली होती, बांधावरची जवस निळी झाली होती आणि माशा पायांना पिवळे गोळे लावून येत होत्या. संध्याकाळी रीनाचा फोन यायचा. आधी ती जिजाशी बोलायची आणि मग म्हणायची, मामाजींना द्या. दोन वर्षांत जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या दोन महिन्यांत झालं, आणि सगळं माशांवर. सुखराम तिला सांगायचा, आज जांभळीकडची पेटी रागात होती. तनसीकडची मात्र गरीब, गायीसारखी. जिजाला भाकरी थापता थापता हे ऐकावं लागायचं. लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, आपली तब्येत या माणसाने एवढ्या बारकाईने कधी पाहिली नाही, असं ती शेळ्यांना सांगायची.

शिवरात्रीला अर्धं गाव गायमुखच्या यात्रेला गेलं, पण सुखराम गेला नाही. त्याने आंघोळ केली, जाळी चढवली आणि दोन्ही पेट्यांत सापळ्याची एकेक चौकट स्वतःच्या हाताने ठेवली. नाकाला काही झालं नाही. चार दिवसांनी पाहिलं तर राणीने अंडी घातलेली. पुढे खोल्यांवर फुगीर टोपणं बसली. सुखराम खूश होता. होळीच्या आदल्या सकाळी चौकटी काढायच्या, हे त्याने जिजालाही सांगून ठेवलं.

होळीला तीन दिवस उरले असताना प्रफुल्लचा फोन आला. मुलगी झाली होती, आई आणि लेक दोघी सुखरूप होत्या. सुखरामने सिहोऱ्याहून पेढे आणले आणि तलावाच्या पाळीवर भेटेल त्याच्या हातावर ठेवले. तेजरामने दोन खाल्ले, तिसरा बापासाठी म्हणून घेतला आणि तोही वाटेत खाल्ला. जिजा हसत होती, रडत होती आणि दोन्ही करता करता तिने देवापुढचा दिवा उचलून फळीवर ठेवला. घरात सोयर आलं होतं.

मारबत्यांच्या भाऊबंदकीत सोयर-सुतक कडक. मूल जन्मलं काय आणि माणूस गेलं काय, जाळं पाण्यात पडत नाही. तलावाच्या पाळीवर देवाचा दगड आहे, त्याला विटाळ चालत नाही, असं आज्याच्या आज्यापासून चालत आलेलं. त्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या मारबत्यांची जाळी खुंट्यांवर गेली. बारा दिवस मासोळी बंद. कोणी कुरकुर केली नाही. नातीसाठी बारा दिवस म्हणजे काहीच नाही.

सुखरामला रात्री अंथरुणावर चौकटी आठवल्या. सकाळी त्याने जिजापुढे विषय काढला. मध काढायचा नाही, नुसती चौकट उचलायची, असं त्याने सांगून पाहिलं.

"पेटी उघडशीन का नाई?" जिजाने विचारलं. "जाळ्याले हात नाई लावत आन मधाच्या घराले लावशीन? थो मध देवाच्या आंगावर जाते."

खरं सांगायचं तर सुखरामलाही मनातून तसंच वाटत होतं. फुलाफुलांवरून गोळा करणारा तो जीव, त्याच्याइतकं पवित्र घर कोणाचं? रीनाला विचारावं तर ती ओली बाळंतीण, फोन तिच्या आईने, सुलोचनाबाईने, काढून घेतलेला. आणि विचारणार तरी काय? तिच्या माहेरी सोयर-सुतक पाळत नाहीत. होळीच्या आत म्हणजे होळीच्या आत, एवढंच ती सांगून गेली होती, कारण मध्ये सोयर येऊन उभं राहील हे तिला सुचण्यासारखंच नव्हतं. बारा दिवसांनी असा कोणता डोंगर कोसळणार आहे, असं सुखरामने स्वतःला समजावलं. होळी पेटली, धुळवड झाली, आणि तो पेट्यांपासून लांब खाटेवर नियमाने बसून राहिला. एवढा संयम पाळल्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

सोयर फिटलं त्या दिवशी दिवा लागला, जाळी पाण्यात पडली आणि सुखरामने पेटी उघडली. सापळ्याच्या चौकटीवरची टोपणं उडालेली होती. नर बाहेर आले होते, धष्टपुष्ट, मोठ्या डोळ्यांचे, काम ना धाम. त्यातल्या एकाच्या पाठीवर तांबूस ठिपका होता. मग दुसऱ्याच्या. मग सुखरामने जिकडे पाहिलं तिकडे. गोचिडीसाठी त्याने जो गळ टाकला होता त्याच गळाने तिची पोरंबाळं वाढवून घरात परत सोडली होती. त्याने रिकामी पोळी कापून कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनी चोच मारली आणि मेण पाहून त्याच्याकडे बघितलं.

चैत्र लागला आणि पेटीपुढच्या मातीत माशा चालताना दिसू लागल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. पंख चुरगळलेले, भिजलेल्या कागदासारखे. आधी दहा-पाच, मग रोज ओंजळभर. जिजाच्या कोंबड्या त्या दिवसांत लठ्ठ झाल्या. सुखरामला जेवण जाईना. अखेर त्यानेच प्रफुल्लला सांगून चेहरा दिसेल असा फोन लावला आणि रीनाला ती माती दाखवली.

रीनाने फोन डोळ्यांजवळ नेला. तिच्या मांडीवर काहीतरी गुंडाळलेलं हलत होतं, त्याकडे सुखरामने मुद्दामच पाहिलं नाही.

"मामाजी, चौकट कवा काढली?"

सुखरामने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की तुझ्या लेकीचा विटाळ धरला. हा शब्द तिच्यापुढे काढायचा? त्या शब्दाने तिच्या आज्या-पणज्यांना किती गावांनी विहिरीपासून लांब ठेवलं होतं, हे सुखरामला कोणी शिकवायला नको होतं. त्याचं स्वतःचं गावही त्यात होतं. आणि आता कुठे दोन महिने ती त्याच्याशी मोकळेपणी बोलू लागली होती.

"गुडघा धरला होता व बाई," तो म्हणाला. "उठताच नाई आलं. होळी निंगून गेली."

जिजा शेजारीच होती. फोन ठेवल्यावर ती तेलाची वाटी घेऊन आली, त्याचा धडधाकट गुडघा पुढे ओढला आणि कणीक तिंबावी तसा रगडला. "लबाडाच्या गुडघ्याले बी तेल लागते," ती म्हणाली.

रीना रागावली नाही. तिने उपाय सांगितला. उन्हाळा तापल्यामुळे जालीम औषध माशांनाच बाधेल. साखर दळून पिठाहून मऊ करायची, चाळणीने माशांवर भुरभुरायची. अंगावर साखर पडली की माशा स्वतःला आणि एकमेकींना झाडतात, गोचिडीचे पाय घसरतात, त्या खाली पडतात. पेटीच्या तळाला तारेची जाळी होतीच; तिच्याखाली तेल लावलेला कागद सरकवायचा, म्हणजे पडलेल्या गोचिडी चिकटून राहतील. हे एकदा करून भागणार नव्हतं, काही दिवस सोडून पुन्हा पुन्हा करायचं होतं. नरांच्या खोल्या दिसल्या की कापायच्या. आणि ऊन चढायच्या आत सगळं आटपायचं.

जिजाची पिठाची चाळणी गेली. साखरेचा डबाही तळाला गेला आणि घरात गुळाचा चहा सुरू झाला. सकाळी कोवळ्या उन्हात सुखराम टोपी घालून चाळणी हलवायचा, माशा पांढऱ्या होऊन बाहेर यायच्या आणि गिरणीतून आलेल्या बायांसारख्या अंग झटकायच्या. मग तो कागद ओढून काढायचा. तेलात तांबूस ठिपके चिकटलेले असायचे, काहींचे पाय अजून हलत असायचे. आयुष्यभर त्याने मोठं ते ठेवलं आणि लहान ते जाळीतून सोडून दिलं, कारण लहान उद्या मोठं होतं. इथे जाळीतून खाली पडेल तेच मारायचं होतं. उलटी मासेमारी आहे ही, असं तो तेजरामला सांगायचा. तेजराम म्हणायचा, की म्हातारपणी माणसाचं सगळंच उलटं होतं.

दुपारी तो ओली पोती पेट्यांवर टाकायचा आणि मातीच्या परळात पाणी भरून त्यात काड्या सोडायचा, म्हणजे माशा बुडणार नाहीत. संध्याकाळी फोनवर हिशोब द्यायचा. फोन धरून पेटीपर्यंत चालून दाखवताना लंगडणं भाग होतं. ते त्याने चोख पाळलं, फक्त एकदा गडबड झाली.

"मामाजी," रीना म्हणाली, "काल त डावा होता."

"फिरते थो," सुखराम म्हणाला. मागून जिजाला ठसका लागला.

रीनाने विषय साखरेवर नेला. पण तिला कळलं आहे एवढं सुखरामला कळलं, आणि काय कळलं आहे ते न कळल्यामुळे त्याची झोप आणखी उडाली. जिजा नात पाहायला नाकाडोंगरीला जाऊन आली, दोन दिवस राहिली. माशांना पाणी कोण देणार, असं म्हणून सुखराम गेला नाही. खरं कारण जिजाला माहीत होतं. नातीचं तोंड बघायला त्याचा जीव तुटत होता आणि तिच्या आईचं तोंड बघायची त्याला लाज वाटत होती.

वैशाखात तनसीकडची पेटी गेली. गरीब म्हणायचा तीच. एका सकाळी तिच्या दारात कोणी नव्हतं. आत मूठभर माशा एका चौकटीवर गोळा होऊन बसल्या होत्या, राणी नव्हती, आणि रिकाम्या पोळ्यांत मेणकिड्याने पांढरं जाळं विणलं होतं. सुखरामने ते जाळं बोटाने हटवलं. चार दिवसांनी त्या मूठभरही राहिल्या नाहीत. त्याने पोळी जाळली, पेटी घासून धुतली, उन्हात ठेवली आणि त्या दिवशी तो तलावावर गेला नाही. तेजराम चेष्टा करायला म्हणून आला होता. तो शेजारी बसला आणि बिडी देऊन गेला.

जांभळीकडची मात्र हटली नाही. रागीटच होती ती. कागदावरचे ठिपके कमी होत गेले, मातीत चालणाऱ्या माशा कमी होत गेल्या, आणि करंज फुलला तेव्हा तिच्या दारात पुन्हा गर्दी झाली. धुतलेल्या रिकाम्या पेटीत जिजाची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली. तिला उठवायचं नाही असं दोघांचं बोलल्यावाचून ठरलं.

मृगाच्या आधी रीना आली. प्रफुल्लने वरठीहून गाडी करून आणली होती. जिजाने दारातच भाकरतुकडा ओवाळला, पाणी टाकलं, आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. रीनाने मूल दिलं नाही. ते खांद्यावर घेऊन ती घराला वळसा घालून सरळ मागे गेली. सुखराम जांभळीखाली उभा होता. टोपी नाही, जाळी नाही, दोन्ही हातांना मेण लागलेलं. लंगडायचं तो विसरला होता.

रीनाने आधी कोंबडी बसलेली पेटी पाहिली. बरंच पाहिली. मग जांभळीकडची, तिच्या दारातली ये-जा. डोळे पुसले, आणि पेटीवरचं ओलं पोतं एका हाताने नीट केलं.

"गुडघा नोता धरला," सुखराम म्हणाला. "सोयर धरलं होतं, बाई. हिच्या जन्माचं. बारा दिवस पेटीले हात नाई लावला म्या. तुले सांगाले तोंड नाई झालं."

मागे जिजा येऊन उभी राहिली होती, प्रफुल्लही. सुखरामला वाटलं, ही आता पोरगी घेऊन गाडीत बसली तरी आपण तिला अडवू शकणार नाही.

रीना पेटीकडे बघत होती. "मामाजी," ती हळू म्हणाली, "या घरात राणी रोज अंडे देते. रोज हजार जलमतेत, रोज हजार मरतेत. रोजचं सोयर, रोजचं सुतक. मंग या माशायनं मध कवा कराव?"

सुखराम विचार करू लागला. तो खरोखरच विचार करत होता. साठ वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी घातला नव्हता. त्याचं ते तोंड बघून जिजाच्या घशातून आधी एक चमत्कारिक आवाज आला आणि मग ती खळखळून हसू लागली. प्रफुल्ल हसला. रीनाही हसली, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"मले दुखलं," ती म्हणाली. "पेटी गेली म्हून बी, आन हिचा विटाळ धरला म्हून बी. पण तुमी सांगतलं." मग तिने खांद्यावरचं मूल त्याच्यापुढे धरलं.

सुखराम मागे सरला. हात दाखवून म्हणाला, की मेण लागलंय, धुऊन येतो.

"राहू द्या," रीना म्हणाली. "तसेच घ्या हिले."

त्याने घेतलं. पोरीने त्याच्या नाकाकडे बघितलं, माशीने चावलेल्या त्याच नाकाकडे, आणि ते मुठीत धरलं. नातीची मूठ सोडवायची सुखरामला घाई नव्हती.

भाद्रपदात तेजरामचा बाप गेला. नव्वदीतला म्हातारा, रात्री जेवून झोपला तो उठला नाही. भाऊबंदकी जमली, सगळं झालं, सुतक लागलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मारबत्यांची जाळी खुंट्यांवर होती. सुखरामचंही होतं. तेजराम आपल्या ओट्यावर भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता, डोकं मुंडलेलं, डोळे सुजलेले. शेजारी भाऊबंद होते.

सुखराम आंघोळ करून बाहेर आला. टोपी घातली, तिची काळी जाळी खांद्यापर्यंत सोडली, हातात जिजाची चाळणी आणि साखरेचा डबा घेतला. घरामागे जायची वाट तेजरामच्या ओट्यापुढूनच होती. ओट्यावरचं बोलणं थांबलं. रीना दारात लेक कडेवर घेऊन उभी होती. जिजाने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा अंगण झाडायला लागली.

सुखराम ओट्यापाशी येऊन थांबला. काही बोलावं असं त्याला वाटत होतं, पण ज्याचा बाप कालच गेला त्याच्यापुढे माशांचं काय सांगायचं ते सुचेना. तेजरामने चाळणीकडे पाहिलं, मग वर जाळीआडच्या त्याच्या चेहऱ्याकडे. मग वाटेत पसरलेले पाय जवळ ओढून घेतले, आणि सुखराम पेटीकडे गेला.